‘सुरतले गया’ म्हणजे कुठे गेला?

साक्री तालुक्यातल्या कुठल्याही गावात दिवाळीनंतर जाऊन ‘तुमचा मुलगा कुठे दिसत नाही?’ असे विचारा. उत्तर तीन शब्दांत मिळते, ‘तो सुरतले गया.’ मग कळते की कोणी बारडोलीकडे उसाच्या फडात असतो, कोणी उधन्याला सेंट्रिंगच्या कामावर, कोणी पांडेसराच्या मिलमध्ये, तर कोणी चक्क वापीला. आमच्या अहिराणीत हे सगळे सुरतच. आणि पुढे ‘सुरतमध्ये नेमका कुठे? कोणाकडे कामाला आहे?’ असे विचारले, की घरची माणसे एकमेकांकडे पाहू लागतात. मुकादमाचे नाव ठाऊक असते, एक मोबाईल नंबर असतो. तो लागला तर लागला. मला या विषयावर बोलावेसे वाटले ते या न मिळणाऱ्या उत्तरामुळे.

मी तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात बरीच वर्षे शिक्षक होतो. हा पट्टा डोंगराळ. कोकणा, मावची, भिल्ल अशी आदिवासी वस्ती. पाऊस चांगला पडतो, पण उताराची जमीन पाणी धरून ठेवत नाही. भात, नागली, मका निघाला की शेतातले काम संपते. पूर्वेकडचा भाग कोरडवाहू, तिथे पावसाचाच भरवसा नाही. लाटीपाडा, मालनगावसारख्या धरणांचे पाणी मिळते त्यांचा कांदा होतो, गहू होतो. बाकीच्यांना दिवाळी ते अक्षय्यतृतीया हे पाच-सहा महिने काढायचे कसे, हा प्रश्न दरवर्षीचा. वर्गाच्या हजेरीपटावर तो मला स्पष्ट दिसायचा. दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडली की मागची बाके मोकळी असत.

जाण्याची वाट फार जुनी नाही, पण सरळ आहे. साक्रीहून दहिवेल, कोंडाईबारीचा घाट, विसरवाडी, नवापूर, की लगेच गुजरात. नवापूरचे रेल्वे स्थानक तर अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. मुंबई आम्हाला लांब, पुणे त्याहून लांब. सुरतची गाडी सकाळी धरली की त्याच दिवशी पोहोचता येते. भाषाही फार परकी वाटत नाही. अहिराणीत गुजरातीचा अंश आहेच.

आता ज्या शहरात आपण जातो ते कसे वाढले ते पाहा. 2001च्या जनगणनेत सुरत महापालिकेची लोकसंख्या होती सुमारे 24 लाख 33 हजार. 2011मध्ये ती झाली 44 लाख 67 हजार. यात 2006 साली झालेल्या हद्दवाढीचा वाटा आहे, हे मान्य. पण दहा वर्षांत वीस लाख माणसे वाढणे ही साधी गोष्ट नाही. ही माणसे आली ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातून यंत्रमागावर, उत्तर प्रदेश-बिहारमधून डाईंग मिलमध्ये, सौराष्ट्रातून हिऱ्याच्या घंटीवर, आणि धुळे-नंदुरबार-जळगावमधून जवळपास सगळीकडे. उधना, लिंबायत, डिंडोली भागात फिरलात तर दुकानांच्या पाट्यांवर पाटील, चौधरी, महाजन ही नावे दिसतील, कानबाईच्या उत्सवाच्या दिवसांत आपण अमळनेरात आहोत की काय असे वाटेल. जळगाव जिल्ह्यात जन्मलेले सी. आर. पाटील 2009पासून शेजारच्या नवसारी मतदारसंघातून लोकसभेवर निवडून येत आहेत. लिंबायतच्या आमदार संगीता पाटील 2012पासून आहेत. सुरत महापालिकेच्या प्राथमिक शाळा गुजरातीबरोबर हिंदी, उर्दू, मराठी, ओडिया, तेलुगू माध्यमांतूनही चालतात. आलेल्या माणसाच्या भाषेत त्याच्या मुलाला शिकवावे, ही गोष्ट फार थोड्या शहरांना सुचते. त्याचे श्रेय सुरतला द्यायलाच हवे.

मग अडचण कुठे आहे? अडचण अशी, की ‘सुरतला जाणारा’ हा एक माणूस नाही, ते दोन वेगळे आहेत. एक तिथे जाऊन राहिला, त्याने खोली घेतली, पुढे घर घेतले, मतदारयादीत नाव घातले. तो आता सुरतकर झाला. दुसरा दरवर्षी जातो आणि दरवर्षी परत येतो. त्याचे मत साक्रीत, रेशनकार्ड साक्रीत, घाम सुरतमध्ये. तिथल्या नगरसेवकाला त्याच्या मताची गरज नाही, आणि इथल्या सरपंचाला तो मतदानाच्या दिवशी आठवतो. कधी कधी तर त्याला आणायला गाडी पाठवली जाते! मते मागण्यापुरती गाडी सापडते, तो आजारी पडला तर सापडत नाही. पहिल्याबद्दल मला आज फारसे बोलायचे नाही. तो आपले पाहून घेतो. दुसऱ्याबद्दल बोलायचे आहे.

त्याच्या सुरक्षिततेची गोष्ट गावातच सुरू होते, आणि ती उचलीपासून सुरू होते. पोळ्याच्या आसपास हातात पैसा नसतो. खताची उधारी, कोणाचे आजारपण, बहिणीचे लग्न. अशा वेळी मुकादम येतो आणि कोयत्यामागे उचल देतो. दक्षिण गुजरातेत कोयता म्हणजे दोन माणसे, बहुधा नवरा-बायको. रक्कम रोख मिळते, तेव्हा ती मोठी वाटते. बदल्यात हंगामभर त्या टोळीत जायचे. फडाजवळ पडाव पडतो. प्लास्टिकचा कागद आणि बांबूच्या पालात मुक्काम. हंगामात पोटापुरते धान्य नि थोडे पैसे मिळतात, त्याला खावटी म्हणतात. तीही खात्यावर लिहिली जाते. तोडलेल्या उसाचे वजन कारखान्यावर होते, तोडणाऱ्यासमोर नाही. हिशेब होतो हंगाम संपल्यावर. टनाचा दर गुणिले टन, त्यातून उचल वजा, त्यावरचे व्याज वजा, खावटी वजा. उरले तर हातात, नाही उरले तर पुढच्या वर्षीच्या खात्यावर.

यातली मेख लक्षात घ्या. मजुरी कमी असणे ही एक अडचण झाली. पण उचल घेतलेल्या माणसाची खरी अडचण ही, की त्याला काम सोडून निघता येत नाही. पाय कापला, मूल तापाने फणफणले, मुकादमाने शिवी दिली, तरी निघता येत नाही. निघाला तर घेणे अंगावर आणि पुढच्या वर्षी कोणी टोळीत घेणार नाही. कर्जाच्या बदल्यात माणसाचे श्रम अडकवून ठेवणे हा 1976च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे. पण उचलीची चिठ्ठी त्या कायद्यापुढे ठेवायला कोण जाणार? चिठ्ठी तर मुकादमाच्या वहीत असते. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी दक्षिण गुजरातेतल्या या मजुरांचा दीर्घकाळ अभ्यास केला. खानदेशातून नेलेल्या ऊसतोड्यांबद्दलही त्यांनी लिहिले आहे. त्यातले एक निरीक्षण मला फार पटते. बाहेरचा मजूर आणतात तो केवळ स्थानिक मजूर मिळत नाही म्हणून नव्हे. बाहेरचा माणूस सोयीचा असतो. तो कामाव्यतिरिक्त कुठे जात नाही, त्याला गावात कोणी ओळखत नाही, आणि हंगाम संपला की निघून जातो.

शहरात बांधकामावर गेलेल्याचे थोडे निराळे. तिथे कडियानाका असतो. सकाळी सात वाजता गवंडी, बिगारी, सेंट्रिंगवाले उभे राहतात, ठेकेदार येऊन माणसे निवडतो. उचलीचा पाश नाही, पण उद्याच्या कामाची खात्रीही नाही. दहा-दहा जण एका खोलीत राहतात किंवा चालू इमारतीच्याच तळमजल्यावर झोपतात. काही रस्त्याकडेलाच. 19 जानेवारी 2021च्या रात्री सुरत जिल्ह्यात कोसंब्याजवळ रस्त्यालगत झोपलेल्या मजुरांवर डंपर गेला, पंधरा माणसे गेली. ती राजस्थानातल्या बांसवाड्याकडची होती. आमच्याकडची असती तरी बातमी तेवढीच आली असती. बायकांचे हाल वेगळे. पहाटे अंधारात उठायचे, कारण उजाडल्यावर आडोसा नाही. गरोदर बाईची नोंद गावच्या अंगणवाडीत, ती असते दोनशे किलोमीटर दूर. बाळाचा डोस चुकला तर तो गावाच्या वहीत ‘स्थलांतरित’ असा शेरा होऊन राहतो.

कायदे नाहीत असे कोणी समजू नये. कायदे बरेच आहेत. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा 1979 सालचा. ओडिशातून ‘दादन’ म्हणून नेल्या जाणाऱ्या मजुरांच्या हालांवरून तो झाला. त्यात काय नव्हते? ठेकेदाराला परवाना, मजुराला फोटोसह पासबुक, जाण्यायेण्याचे भाडे, प्रवासाच्या दिवसांची मजुरी, राहायची जागा, औषधपाणी, शिवाय विस्थापन भत्ता. मात्र कायदा लागू व्हायचा तो पाच किंवा अधिक परराज्यातले मजूर ठेकेदारामार्फत आणले तर. जो आपणहून बसमध्ये बसून कडियानाक्यावर उभा राहिला तो त्याच्या कक्षेत येतच नव्हता. आणि जो येत होता, त्यातल्या किती जणांनी पासबुक पाहिले? इतक्या वर्षांत माझ्या पाहण्यात असे एकही पासबुक आले नाही.

हा कायदा आता चार श्रमसंहितांपैकी एकीत सामावला. 2020 साली मंजूर झालेल्या या संहिता 21 नोव्हेंबर 2025 रोजी लागू झाल्या. नव्या संहितेत आपणहून आलेल्या मजुरालाही स्थलांतरित कामगार म्हटले आहे, ही मोठी सुधारणा. वेतनाची एक मर्यादा आहे, पण आपला बिगारी तिच्या आतच असतो. येण्याजाण्याच्या भाड्याची तरतूदही राहिली. पण विस्थापन भत्ता गेला, आणि पाचाची अट दहावर गेली. आपल्याकडचे मुकादम-ठेकेदार दहा माणसांच्या आतलेच अधिक, हे कोणालाही ठाऊक आहे. एका हाताने दिले, दुसऱ्या हाताने काढून घेतले, असे मला वाटते. बघू, अंमल कसा होतो.

बांधकाम मजुरांसाठी 1996चा निराळा कायदा होता. बांधकामाच्या खर्चावर उपकर घ्यायचा, तो मंडळात जमा करायचा आणि त्यातून मजुराला अपघाताची मदत, मुलांना शिष्यवृत्ती, बाळंतपणाला पैसे द्यायचे. पैसा जमला, कोट्यवधी जमला. पण नोंदणीसाठी वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. नाक्यावरचा माणूस नव्वद दिवसांत तीस ठेकेदारांकडे काम करतो, दाखला कोण देणार? शिवाय मंडळ प्रत्येक राज्याचे वेगळे. साक्रीच्या गवंड्याने सुरतेत इमारत बांधली तर उपकर गुजरातच्या मंडळाकडे जमतो आणि गवंड्याचे कागदपत्र महाराष्ट्राचे. दोन्हीकडे तो अर्धा.

एक गोष्ट मात्र खरोखर सुधारली आहे. ती म्हणजे रेशन. ‘एक देश एक रेशनकार्ड’ ही योजना सुरू झाली तेव्हा, ऑगस्ट 2019मध्ये, पहिल्या दोन जोड्या निवडल्या होत्या. एक आंध्र-तेलंगणची, आणि दुसरी महाराष्ट्र-गुजरातची. म्हणजे आपली वाट या योजनेच्या पहिल्या दिवसापासून आहे. जून 2022पर्यंत सगळी राज्ये त्यात आली. साक्रीच्या कार्डावर उधन्याच्या दुकानात अंगठा लावून गहू-तांदूळ मिळतो. माणशी पाच किलो, आणि जानेवारी 2023पासून तोही मोफत. याहून चांगली सोय अशी की धान्य वाटून घेता येते. म्हातारे आईवडील गावात आपल्या वाट्याचे उचलतात, मुलगा-सून सुरतेत आपल्या वाट्याचे.

तरी मी चौकशी केली की उत्तर येते, ‘कोण जाई गुरुजी दुकानवर, एक दिवसनी मजुरी बुडस.’ दुकान उघडण्याची वेळ आणि कामाची वेळ एकच. सिमेंट कालवून नि ऊस धरून बोटांचे ठसे पुसट झालेले, यंत्र ते ओळखत नाही. कधी दुकानदार ‘बाहेरच्यांचा कोटा संपला’ सांगतो. असा वेगळा कोटा नसतो, हे मजुराला ठाऊक असायला हवे. आणि आधार जोडलेले नसेल तर सगळेच थांबते. हे जोडण्याचे काम साक्रीत व्हायला हवे, जाण्यापूर्वी. सुरतेत बसून ते होत नाही.

आता जरा मागे जाऊ. शहरात आलेल्याची आबाळ झाली तर त्याचे नुकसान त्याच्यापुरतेच राहते, असा शहरातल्या बऱ्या स्थितीतल्या लोकांचा समज असतो. सुरतने तो 1994 साली अनुभवाने घालवला. त्या सप्टेंबरात पावसाळी पुरानंतर शहरात प्लेगची बातमी पसरली. अधिकृत मृत्यू पन्नासच्या आसपास, पण घबराट अशी की काही दिवसांत लाखो माणसे गाड्यांना लोंबकळून शहराबाहेर पडली. आमच्याकडेही आली. त्यांना शिवारातच थांबवा, असे म्हणणारी गावे होती. उपचार करणारे काही खासगी डॉक्टरही शहर सोडून गेले होते, मग मजुरांना काय बोलायचे? आजाराचे मूळ शोधताना बोट गेले ते गटार, कचरा आणि तापीकाठच्या दाट वस्त्यांकडे. पुढल्या वर्षी एस. आर. राव आयुक्त म्हणून आले. त्यांनी रोज सकाळी अधिकाऱ्यांना रस्त्यावर उतरवले, झोपडपट्ट्यांत फरशी, नळ, संडास आणले, कचरा उचलण्याची शिस्त लावली. दोनेक वर्षांत देशातल्या स्वच्छ शहरांत सुरतचे नाव घेतले जाऊ लागले. मजुराच्या वस्तीची काळजी घेतली तर शहर सुधारते, आणि ते फार वेळही घेत नाही, हे त्यातून दिसले. दुर्दैवाने त्यासाठी प्लेग यावा लागला.

2020चा मार्च तर सगळ्यांना आठवतो. 24 तारखेला रात्री आठला घोषणा, बाराला टाळेबंदी. चार तास. सुरतचे मजूर एप्रिलमध्ये रस्त्यावर उतरले. मागणी एकच, घरी जाऊ द्या. आणि मग आपल्याच महामार्गावरून, नवापूर-दहिवेल-साक्री-धुळे, माणसे पायी जाताना आपण पाहिली. डोक्यावर बोचके, कडेवर पोर. जळगावला, बुलढाण्याला, त्याही पुढे निघालेली. ठिकठिकाणी लोकांनी भाकरी-पाणी दिले, हे मी अभिमानाने सांगतो. श्रमिक गाड्या 1 मेपासून सुटू लागल्या. 8 मेच्या पहाटे करमाडजवळ मालगाडीखाली सोळा मजूर गेले. ते जालन्याहून भुसावळकडे निघाले होते, म्हणजे आपल्या खानदेशातच गाडी धरायला येत होते. थकून रुळावर झोपले. त्या सप्टेंबरात केंद्र सरकारने संसदेत सांगितले की एक कोटी चार लाखांहून अधिक मजूर आपापल्या राज्यांत परतले, आणि वाटेत किती दगावले याची नोंद ठेवलेली नाही.

नोंद नाही. उचलीची नाही, कामाच्या दिवसांची नाही, मेलेल्यांचीही नाही. त्या अनुभवानंतर 26 ऑगस्ट 2021 रोजी ई-श्रम पोर्टल सुरू झाले. असंघटित मजुराला बारा आकडी क्रमांक मिळतो, आजवर तीस कोटींहून अधिक नावे त्यात आली आहेत. नाव येणे ही पहिली पायरी झाली. पण तो आज कुठे आहे, कोणाकडे आहे, हे त्या क्रमांकावरून अजून कळत नाही.

इथवर मी सुरतबद्दल बोललो. पण परक्या गावातल्या माणसाच्या सुरक्षिततेवर बोलायचे आणि साक्री तालुक्यात बसून राईनपाड्याचे नाव घ्यायचे नाही, हे मला जमणार नाही.

1 जुलै 2018, रविवार, बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण राईनपाड्याला आले. बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले. भिक्षा मागत फिरणे हा त्यांचा पिढीजात मार्ग. त्या दिवसांत मोबाईलवर मुले पळवणाऱ्या टोळीचे निरोप फिरत होते. कुठले तरी जुने, भलत्याच ठिकाणचे चित्र, खाली ‘सावध राहा’. कोणीतरी संशय घेतला, जमाव जमला. त्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन ठेचून मारले. पोरे पळवणारी टोळी नव्हतीच. त्याच महिन्याच्या 17 तारखेला सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळींबाबत राज्यांना सक्त निर्देश दिले, पण ते पाच गेले ते गेले.

मला यातले जे अस्वस्थ करते ते सांगतो. हा गुन्हा कुठल्या श्रीमंत वस्तीत घडला नाही. ज्या पट्ट्यातून माणसे दरवर्षी परक्या मुलखात पोट भरायला जातात, जिथल्या घराघरातला कोणी ना कोणी अनोळखी गावाच्या वेशीवर उभा राहिलेला आहे, तिथे तो घडला. आणि जे आपल्याकडे जुलैत झाले त्याचाच दुसरा प्रकार सप्टेंबरच्या अखेरीस गुजरातेत झाला. साबरकांठा जिल्ह्यात एका बालिकेवर अत्याचार झाला, संशयित बिहारचा निघाला, आणि उत्तर गुजरातेत हिंदी बोलणारा दिसेल त्याला मारायला लोक धावले. हजारो मजूर गाड्या भरून गावी पळाले. गुन्हेगार एक, शिक्षा सगळ्या परक्यांना. तिथे मारणारे वेगळे आणि मार खाणारे वेगळे होते. जागा बदलली की माणसाची बाजूही बदलते, एवढेच.

अफवा का चिकटते याचा विचार केला तर पुन्हा नोंदीकडेच यावे लागते. आलेला माणूस कोण हे कोणालाच ठाऊक नसते, मग प्रत्येक जण आपल्या मनाने भरून घेतो. पाल पडले की ग्रामसेवकाने किंवा पोलीस पाटलाने चौकशी करून ‘ही माणसे अमुक गावची, अमुक दिवस राहणार’ एवढे फळ्यावर लिहिले आणि दवंडी दिली, तरी पुष्कळ फरक पडतो. याला निधी लागत नाही. मात्र हे पोलीसठाण्यात हजेरी लावायला लावण्याचे रूप घेऊ नये. भटक्यांनी गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली ती हजेरी 1952पर्यंत सोसली आहे. नोंद त्यांच्या रक्षणासाठी हवी, पाळतीसाठी नको. सुरतेत भाडेकरूंची नोंद ठेवतात तिथेही हाच फरक महत्त्वाचा आहे.

तीच वही उलट बाजूनेही चालवता येईल. गावातून टोळी निघते तेव्हा ग्रामपंचायतीत एक पान लिहावे. कोण गेले, कोणाबरोबर, मुकादमाचे नाव-गाव-नंबर, कामाचे ठिकाण, उचल किती. उचलीच्या आकड्यापुढे दोघांच्या सह्या. मोबाईल आता बहुतेकांकडे आहे, मुकादमाच्या वहीच्या पानाचा फोटो काढून घरी पाठवून ठेवावा. पैसे मिळतील ते खात्यावर मिळतील असा आग्रह धरावा. त्यातून मजुरीचा पुरावा आपोआप तयार होतो. मुकादमांना हे आवडणार नाही, हे मला माहीत आहे. काही सरपंच स्वतःच मुकादम असतात, तेही माहीत आहे. तरी ग्रामसभेत विषय मांडायला कोणाची परवानगी लागत नाही.

भाड्याच्या घरांचा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण त्यात सांगण्यासारखे थोडेच आहे. 2020च्या जुलैत केंद्राने शहरांतली रिकामी सरकारी घरे मजुरांना माफक भाड्याने देण्याची योजना आणली, सुरत त्यातल्या पहिल्या शहरांपैकी. पण गरज लाखांची आणि घरे शेकड्यांत. बाकीचे अजून दहा-दहाच्या खोलीतच आहेत. एकट्या पुरुषाचे त्यात भागते. कुटुंब नेले की भागत नाही, म्हणून बायको-मुले गावात राहतात किंवा थेट उसाच्या पडावावर जातात.

मुलांचे मात्र बोललेच पाहिजे. सुरतच्या मराठी शाळा शहरात आहेत, पडाव असतो शहराबाहेर शिवारात, आणि फड संपला की तो हलतो. दाखला नाही म्हणून कोणतीही सरकारी शाळा मुलाला नाकारू शकत नाही, 2009च्या शिक्षणहक्क कायद्यात तसे स्पष्ट आहे. पण पंधरा दिवसांनी हलणाऱ्या पालातून मूल शाळेत पोहोचणार कसे? त्यापेक्षा ते गावातच राहिलेले बरे. त्यासाठी आपल्या राज्यात हंगामी वसतिगृहांची सोय आहे. गावातल्याच शाळेजवळ, शाळा व्यवस्थापन समितीमार्फत, जेवण नि देखरेखीची. आईबाप परत येईपर्यंत मुले तिथे राहतात. कागदावर सोय चांगली आहे. अडते ते तारखेवर. टोळ्या निघतात दिवाळी आटोपताच, भाऊबीजेच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, मंजुरी येते नाताळच्या सुमारास. तोवर मूल कोयत्यामागे मोळ्या बांधायला लागलेले असते. प्रस्ताव गणपतीच्या दिवसांत गेला आणि वसतिगृह पहिल्या टोळीची गाडी लागण्यापूर्वी उघडले, तर मागची बाके भरलेली राहतात.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)